तुला पगार कोण देतं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळी मिसळ खाताना आपल्यातल्याच एकानं मला विचारलं, "भावा, खरं सांग. तुला पगार कोण देतं? अमेरिका का?" त्याचं नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता खाली मान घालून मोबाईल बघतोय. संयोजकांनी मला 'माझे कार्यक्षेत्र' असा विषय दिला होता आणि मी चार पानं लिहूनही आणली होती. ती खिशातच राहू देतो. या प्रश्नाचंच उत्तर देतो. चाळीस वर्षं हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारत आलंय, आणि कधी कधी विचारणारा मीच असतो.

आधी एक दुरुस्ती. सकाळपासून पाच-सहा जणांनी मला 'फादर' म्हणून हाक मारली. राग नाही, पण मी फादर नव्हे. फादर कॅथलिक असतात, त्यांचं लग्न होत नाही. माझी बायको इथंच बाईंच्या शेजारी बसलीय, त्यामुळं गैरसमज लगेच दूर करावा लागतोय. आपल्या भागात हा शब्द पोचायला एक कारणही आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, शेजारी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्याबरोबर त्यांचे फादर होते. ती मंडळी गेली, पुढं तिथं सिंधी बांधव आले आणि गांधीनगर उभं राहिलं. पण काळा झगा घातलेला गोरा फादर आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात राहिला.

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्यात चर्च सांभाळणाऱ्याला पाळक म्हणतात. त्यातही मी मेथडिस्ट चर्चचा. कोल्हापुरात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, कारण इथलं मिशन प्रेसबिटेरियन. आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल, एस्थर पॅटन, मेरी वॉनलेस दवाखाना ही नावं तुम्हाला पाठ आहेत, ती सगळी त्या मिशनच्या कामातून आलेली. माझं घराणंही त्यातलंच. माझा आजोबा मिशनच्या आवारात माळीकाम करायचा. त्याच्याकडं मी पुन्हा येणार आहे.

मी मेथडिस्ट झालो तो धर्मशास्त्राचा अभ्यास करून नव्हे. दहावीनंतर मुंबईला छापखान्यात कामाला लागलो आणि खोलीपासून चालत जाता येईल असं, मराठीत उपासना होणारं चर्च मेथडिस्ट निघालं. एवढंच.

आमच्यात 'पाचारण' असा एक शब्द आहे. देवानं बोलावणं, असा त्याचा अर्थ. लोकांना वाटतं, रात्री उजेड पडला असेल, आवाज आला असेल. तसं काही झालं नाही. १९८२ साल होतं. जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार घरी बसलेले. आमच्या चर्चचे पाळक रोज कुणाकडं ना कुणाकडं जायचे आणि मला पिशवी धरायला बरोबर न्यायचे. एक दिवस तेच तापानं पडले. मंडळीतले एक जुने जॉबर दवाखान्यात शेवटच्या अवस्थेत होते. पाळकसाहेब मला म्हणाले, "तू जाऊन बस. नुसता बस." मी एकोणीस वर्षांचा. बायबल घेऊन गेलो, आता कुठला अध्याय वाचावा याचा विचार करत. त्यांनी हातानंच थांबवलं आणि विचारलं, "पेपर आणलास का? संपाचं काय झालं?" खाली जाऊन पेपर आणला. रात्रभर मी त्यांना संपाच्या बातम्या वाचून दाखवल्या, छोट्या जाहिरातींसकट. पहाटे निघालो तर म्हणाले, "उद्या येणार ना?"

तिसऱ्या दिवशी ते गेले. पण मी त्या 'उद्या'ला अडकलो तो अडकलोच. छापखाना सोडला, धर्मशास्त्र शिकलो, दीक्षा घेतली. माझं पाचारण कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा जरा पडतो.

आता पगार. मेथडिस्टांच्या बाबतीत गंमत अशी, की आमच्या पंथाच्या बांधणीतच एक पैशाचा हिशेब आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली नावाचे पाळक होते. ऑक्सफर्डला ते आणि त्यांचे मित्र इतके वेळापत्रक लावून प्रार्थना, अभ्यास आणि तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी करायचे की पोरांनी चिडवायला 'मेथडिस्ट' नाव पाडलं. पद्धतशीर लोक. चिडवायला ठेवलेलं नाव कायमचं चिकटलं, आपल्या वर्गातही दोघा-तिघांचं तसं झालंय. पुढं वेस्ली चर्चबाहेर, उघड्या माळावर, कोळसा खाणीतल्या मजुरांपुढं बोलायला लागले. ब्रिस्टलला सभेसाठी एक जागा बांधली, तिच्यावर कर्ज झालं. १७४२ साली कुणीतरी तोड काढली: सगळ्या सभासदांच्या बारा-बारा जणांच्या तुकड्या करायच्या, एकानं दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी जाऊन एक पेनी गोळा करायची. त्या तुकडीला नाव दिलं 'क्लास'. पेनी मागायला गेलेल्या माणसाला घरातली भांडणं दिसली, आजारपण दिसलं, दारू दिसली. तिथून मग एकमेकांची विचारपूस करायची रीत पडली. म्हणजे आधी वसुली आणि मागाहून मायेची चौकशी. आमची भिशी चालवणारी मावशी हेच करायची. हप्त्याला कोण आलं नाही यावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला कळायचं.

तेव्हा मित्रा, उत्तराचा पहिला भाग हा: मला पगार अमेरिका देत नाही. माझ्या चर्चमध्ये जे लोक रविवारी बसतात ते देतात. रेल्वेतले, नर्स, रिक्षावाले, धुणंभांडी करणाऱ्या बायका. दानाच्या थैलीत दहाची नोट चार घड्या घालून टाकलेली असते, ती उलगडताना हात जरा जपून चालतो. भारतातलं मेथडिस्ट चर्च १९८१ पासून स्वतंत्र आहे. आमचा बिशप वार्षिक परिषदेच्या शेवटी उभा राहून नावं वाचतो, कोण कुठल्या गावाला. जिल्हा परिषदेच्या बदल्या ज्या सरांनी भोगल्यात त्यांना ती दहा मिनिटं कशी असतात ते सांगायला नको. मी आठ गावं फिरलो. मुलीनं चार शाळा बदलल्या.

पण एवढ्यानं तुझा प्रश्न संपत नाही, हे मला कळतं. तुला खरं विचारायचंय ते असं, की हा माणूस जे बोलतो ते पोटासाठी बोलतो का मनापासून? हा प्रश्न फार जुना आहे आणि एका माणसानं तो फार मनाला लावून घेतला. त्यांची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, कारण मला माझ्या कामाबद्दल जे काही कळलं ते त्यांच्याशी भांडता भांडता कळलं.

त्यांचं नाव जॉर्ज बोवेन. मुंबईत गेटवेच्या मागं, ताजच्या जवळ, बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च आहे. तुमच्यातले निम्मे त्याच्यासमोरून गेले असतील. बोवेन जन्मले १८१६ साली अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरीला. आणि कोल्हापूरशी त्यांचं एक लांबचं नातं लागतं. १८५२ च्या डिसेंबरात कोल्हापुरात येऊन मिशन सुरू करणारे रॉयल गोल्ड वाइल्डर हेही त्याच साली, तिथून जवळच्याच ब्रिडपोर्टला जन्मले. मुडशिंगी आणि हुपरी असावी तशी ती गावं. शेजारच्या गावचे, एका वयाचे दोघे. एक कोल्हापुरात आला, एक मुंबईत राहिला. दोघंही सुरुवातीला अमेरिकन बोर्ड या एकाच संस्थेचे.

बोवेन लहानपणापासून धार्मिक होते असं समजू नका. बाप न्यूयॉर्कचा व्यापारी. मुलगा शाळा लवकर सोडून बापाच्या कचेरीत बसला, पण मन तिथं नव्हतं. चार-पाच युरोपीय भाषा शिकला, संगीताचा शौकीन, युरोप-इजिप्त फिरून आला. आणि सरळ नास्तिक. दहा-अकरा वर्षं चर्चचं तोंड बघितलं नाही. मग जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी १८४४ साली वारली. जाताना आपलं बायबल त्यांना देऊन गेली, रोज वाचा म्हणून. तिच्या शब्दाखातर वाचायला लागले. त्याच सुमारास वाचनालयातून भलतंच पुस्तक चुकून हातात आलं, विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताचं. परत करण्याऐवजी वाचलं. अठ्ठावीस वर्षांचा तो तरुण त्या वर्षातच म्हणायला लागला की मी मिशनरी होणार. म्हणजे एक मरण आणि वाचनालयातल्या माणसाची एक चूक. पाचारण असंच येत असावं. मला तर पेपर वाचता वाचता आलं.

१८४८ च्या जानेवारीत बोवेन मुंबईला उतरले. झपाट्यानं मराठी शिकले आणि रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलायला लागले. लोक ऐकायचे, हसायचे, वाद घालायचे. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बंगल्यात राहतो, गाडीतून येतो, आणि ज्यांच्याशी बोलतो ते दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. मिशनरी पगारासाठी बोलतो हा आक्षेप तेव्हाही होताच. वर्षभरात, १८४९ साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला. बंगला सोडला. बाजारवस्तीत एक खोली घेतली. शिकवणी घेऊन पोट भरायला लागले. पुढं 'बॉम्बे गार्डियन' हे इंग्रजी साप्ताहिक १८५४ पासून हाती घेतलं ते जवळपास मरेपर्यंत चालवलं. मिशनचा पगार त्यांनी पुन्हा घेतला नाही.

मग ते मेथडिस्ट कसे झाले? विल्यम टेलर नावाचा एक दाढीवाला प्रवचनकार होता. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा सॅनफ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर जुगारअड्ड्यांसमोर उभं राहून बोलणारा. तो १८७१ च्या अखेरीला मुंबईत आला. त्याचा आग्रह एकच: चर्च इथल्याच माणसांनी, इथल्याच पैशावर चालवायचं. घराघरांत छोट्या मंडळ्या बसवल्या, तीच ती क्लासची जुनी रीत. १८७२ साली मुंबईचं मेथडिस्ट चर्च उभं राहिलं. बोवेनना हा माणूस पटला आणि पन्नाशी ओलांडल्यावर ते त्यांच्यात सामील झाले. त्यांच्या मागं टेलर जगभर फिरले, बोवेन मात्र मुंबईतच राहिले. १८८८ च्या फेब्रुवारीत तिथंच वारले. चाळीस वर्षांत एकदाही अमेरिकेला परत गेले नाहीत.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पेटून उठलो होतो. पहिलंच गाव होतं, मंडळी गरीब. कधी कधी दोन-दोन महिने पगार निघायचा नाही. मला वाटलं, रडत पगार घेण्यापेक्षा बोवेनसारखा सोडूनच द्यावा. पत्र लिहिलं, सही केली, टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पत्रावर किराणा दुकानाची उधारीची वही ठेवलेली. बायको म्हणाली, "अहो, तुमचे बोवेनसाहेब एकटे होते. त्यांच्या घरात दूध लागत नव्हतं." एवढंच बोलली आणि आत गेली. पत्र गेलं नाही. ते अजून माझ्याकडं आहे.

आपल्याला शाळेत रेव्हरंड टिळकांची कविता होती, आठवतंय? ना. वा. टिळक. तेही पाळक. १९१७ साली त्यांनीही मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि दोन वर्षांनी गेले. पण लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. नवरा मोकळ्या हाताचा आणि संसार तिनं ओढायचा. त्या हसत हसत लिहितात, म्हणून आपणही हसत वाचतो. माझ्या बायकोनं ते पुस्तक मला लग्नानंतर वाचायला दिलं. तिचा हेतू साहित्यिक नव्हता, हे मला उशिरा कळलं.

आता माझा आजोबा. माळी म्हणालो मघाशी. त्याच्या बापाला पगार म्हणजे काय हे माहीत नव्हतं. गावकीची कामं, निरोप, मेलेलं जनावर ओढणं आणि बदल्यात सुगीला पदरात पडेल ते धान्य, दारात उभं राहून मागितलेली भाकरी. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केलं. आजोबा सांगायचा की मिशनच्या आवारात कामाला लागल्यावर पहिल्या महिन्याला साहेबानं त्याच्या हातात पैसे मोजून दिले. टाकले नाहीत, वरून सोडले नाहीत, हातावर मोजले आणि वहीत अंगठा घेतला. तो दिवस त्यानं मला शंभरदा सांगितला असेल. बाप्तिस्म्याचा दिवस त्यानं तेवढ्या वेळा सांगितला नाही, हे पाळक असूनही मला कबूल केलं पाहिजे.

तर एका बाजूला बोवेन, पगार सोडला म्हणून मोठे. दुसऱ्या बाजूला माझा आजोबा, पगार मिळाला म्हणून ताठ उभा राहिलेला. बरीच वर्षं मला या दोघांना एका खोलीत बसवता येईना. गरिबी निवडणं वेगळं. बोवेन मनात आणलं असतं तर पुढच्या बोटीनं परत जाऊ शकले असते, त्यांच्या शेजारच्या खोलीतला हमाल कुठं जाणार होता? हे बोलताना मला त्यांची थोडी भीडच वाटते, पण मला वाटतं ते तिथं थोडे चुकले. त्यांची अपेक्षा होती की आपण बाजारात राहायला गेलो की लोक जवळ येतील. तसं काही झालं नाही. शहरात लोक त्यांना मानायला लागले, साधू म्हणायला लागले, पण त्यांचं म्हणणं ऐकून कुणी रांगा लावल्या नाहीत. मोजून दाखवावं असं काम त्यांच्या नावावर फारसं नाही.

आणि नेमका तिथंच ते मला आवडायला लागले. आम्हाला दरवर्षी परिषदेला तक्ता भरावा लागतो. बाप्तिस्मे किती, सभासद वाढले किती, दान किती. एका गावी माझ्या तक्त्यात सलग तीन वर्षं मयतांचा आकडा बाप्तिस्म्यांपेक्षा मोठा होता. तक्ता देताना हात थरथरायचा. तेव्हा मी बोवेन पुन्हा वाचले आणि पगाराचा भाग सोडून दिला. माणूस चाळीस वर्षं राहिला, फळ दिसलं नाही तरी राहिला, दर आठवड्याला पेपर काढला, रोज रस्त्यावर गेला. मला पगार सोडणं जमलं नाही. राहणं थोडंफार जमलं असावं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी दफनभूमीत जायला घरची माणसंही येऊ शकत नव्हती, तेव्हा मी आणि चर्चचा शिपाई दोघंच असायचो. प्रार्थना मास्कमधून म्हणायची आणि ती मोबाईलवर त्यांच्या घरी ऐकवायची. एकदा रेंज गेली. मी 'आमेन' म्हणून थांबलो, आणि पाच मिनिटांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, "पाळकसाहेब, मधलं ऐकू आलं नाही, परत म्हणाल का?" कबर बुजवून झाली होती. मी परत म्हटलं, पहिल्यापासून.

त्या दिवशीच्या कामाचा पगार मला महिन्याच्या पगारातच मिळाला. मी घेतला आणि हातावर मोजून घेतला, आजोबासारखा.

मित्रा, तुझं उत्तर देऊन झालं असं धरून चालतो. आता एक माझं काम. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. पाळकाचं घर चर्चचं असतं, शेवटच्या तारखेला किल्ली द्यावी लागते. चाळीस वर्षांत स्वतःची वीटही रचली नाही. बायकोला मुडशिंगीतच राहायचंय, तिला इथलं पाणी मानवतं. दोन खोल्या, पुढं थोडी जागा, रस्त्याला लागून नसलं तरी चालेल. भाडं वेळेवर देईन, पेन्शन आहे. कुणाच्या माहितीत असेल तर जेवणाच्या वेळी सांगा. मी मागच्या बाजूला, सरांच्या टेबलाशी बसणार आहे.